अंतराळयान, एकोणपन्नास नऊ आणि एक कृष्णविवर

वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश:

“माझी मुलगी नववीत आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी राहतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून तिचा प्रकल्प निवडला गेला आणि तीन आठवड्यांनी तो तालुका पातळीवर जाणार आहे. नाव आहे ‘वेग वाढवा, कृष्णविवर बनवा’. तिचं म्हणणं असं, की वेग प्रकाशाच्या जवळ गेला की वस्तुमान वाढतं. वस्तुमान पुरेसं वाढलं की कुठलीही वस्तू कृष्णविवर होते. म्हणजे अंतराळयान पुरेशा वेगाने सोडलं तर त्याचं कृष्णविवर होईल. त्याला किती वेग लागेल हेही तिने काढलंय. सर खूश आहेत. गेल्या आठवड्यात नणंदेचा मुलगा आला होता, तो इंजिनिअरिंगला आहे. तक्ता बघून तो म्हणाला, ‘वस्तुमान वाढतच नाही, हे सगळं जुनं झालं, तुझा पायाच चुकलाय.’ पोरगी रात्रभर रडली. मी वीस वर्षांपूर्वी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, आता पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या पुस्तकात वस्तुमान वाढण्याचं सूत्र होतं, मी ते परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. मग पुस्तक चूक की भाचा? तिचं चुकत असेल तर आत्ता सांगून तिचं मन मोडू, की प्रदर्शन पार पडू देऊ आणि मग सांगू? सरांना सांगायला गेले तर ते दुखावतील. विषय बदलला तर नंबर जाईल, तीही काळजी आहे. सोबत तक्त्याचा फोटो पाठवते.”

ताई,

मी आधी तो तक्ता बघितला. तिने हजार किलोचं, पाच मीटर त्रिज्येचं गोल यान घेतलंय. एखाद्या वस्तुमानाचं कृष्णविवर व्हायचं तर ते किती लहान गोळ्यात दाबावं लागेल, हे सांगणारं सूत्र कार्ल श्वार्झशिल्ड यांच्या १९१६ सालच्या कामातून येतं. त्या गोळ्याच्या त्रिज्येला श्वार्झशिल्ड त्रिज्या म्हणतात. सूर्यासाठी ती सुमारे ३ किलोमीटर येते, पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर. तिच्या यानासाठी ती प्रोटॉनच्या त्रिज्येहूनही पन्नास कोटी पटींपेक्षा जास्त लहान येते. ती पाच मीटरवर न्यायची तर वस्तुमान ३४ लिहून पुढे २३ शून्यं द्यावीत इतक्या पटींनी वाढायला हवं. आणि ते तसं वाढायला यानाचा वेग प्रकाशवेगाच्या किती जवळ हवा? ०.९९९… असं करत दशांश चिन्हापुढे ४९ वेळा नऊ. तिने ते सगळे नऊ तक्त्यावर एकेक करून लिहिलेत. मी गणित पुन्हा करून पाहिलं. आकडेमोड बरोबर आहे.

नववीतल्या मुलीने दोन वेगवेगळ्या ठिकाणची सूत्रं शोधून एकमेकांना जोडली, त्यातून एक निष्कर्ष काढला, आणि त्याला आकडा दिला. भौतिकशास्त्र असंच चालतं. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. यान कितीही वेगाने सोडलं तरी नुसत्या वेगाने त्याचं कृष्णविवर होणार नाही. पण ‘पाया चुकलाय’ असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. शंका इतकी स्वाभाविक आहे की भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कित्येकांना ती कधी ना कधी पडते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही तिघांनीही, म्हणजे तुम्ही, लेक आणि भाचा यांनी, गृहीत धरली आहे: यानाचा वेग ही यानाची स्वतःची गोष्ट आहे, जशी त्याची लांबी किंवा रंग. तसं नाही. वेग नेहमी कुणाच्या तरी तुलनेत असतो. पृथ्वीवरून बघणाऱ्याला यान भन्नाट वेगाने जाताना दिसेल; यानातल्या माणसाला यान स्थिरच आहे, उलट पृथ्वीच मागे धावते आहे. दोघांपैकी खरा कोण, हा प्रश्नच आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या सापेक्षता सिद्धांतात उरत नाही. दोघांचंही मापन तितकंच खरं.

आता तिचा युक्तिवाद यानाऐवजी पृथ्वीला लावून बघा. मी हे कल्पनेतलं उदाहरण देत नाही. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांवर नजर ठेवणाऱ्या ‘फ्लाइज आय’ या दुर्बीणसंचाला एका कणाची नोंद मिळाली. त्या एकट्या कणाची ऊर्जा सुमारे ५१ ज्यूल होती, म्हणजे पाच किलोचं वजन एक मीटरवरून खाली पडताना जेवढी मिळते तेवढी. तो प्रोटॉन होता असं धरलं तर त्याची ऊर्जा त्याच्या स्थिर अवस्थेतल्या ऊर्जेच्या सुमारे ३४ हजार कोटी पट होती. आता त्या प्रोटॉनच्या बाजूने बघा. तो स्वतः स्थिर आहे, आणि पृथ्वी त्याच्याकडे येते आहे, तेवढ्याच वेगाने. तुमच्या लेकीच्या सूत्राने पृथ्वीचं वस्तुमान त्याच्या लेखी ३४ हजार कोटी पट झालं. मग पृथ्वीची श्वार्झशिल्ड त्रिज्या ९ मिलिमीटरवरून वाढून सुमारे ३० लाख किलोमीटर होते. पृथ्वीची खरी त्रिज्या ६,४०० किलोमीटरच्या आत. म्हणजे त्या प्रोटॉनच्या हिशेबाने पृथ्वी तेव्हाच कृष्णविवर व्हायला हवी होती.

कुणी म्हणेल, तो प्रोटॉन नसेल, जड अणुगर्भ असेल. लोखंडाचा अणुगर्भ धरून हिशेब केला तरी त्रिज्या ५० हजार किलोमीटरच्या वर जाते. पृथ्वी आतच सापडते. आणि तो काही एकमेव कण नव्हता. २७ मे २०२१ रोजी युटातल्याच ‘टेलिस्कोप अ‍ॅरे’ने तशाच प्रचंड ऊर्जेचा आणखी एक कण पकडला, त्याला जपानी सूर्यदेवतेवरून अमातेरासू असं नाव दिलं. त्यांच्याहून बरीच कमी ऊर्जा असलेले कण तर सतत येत असतात, आणि त्यांच्या बाजूनेही हिशेब तसाच लागतो. तरी तुम्ही पतसंस्थेत जाताय, पोरगी शाळेत जाते आहे, आणि आपण पाठवलेल्या रेडिओलहरी पृथ्वीवरून निघून अंतराळात पोचताहेत.

इथे युक्तिवाद कोसळतो, आणि तो का कोसळला हे समजून घेण्यासारखं आहे. सापेक्षतेत वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांचं अनेक गोष्टींवर एकमत होत नाही. लांबी किती, काळ किती गेला, ऊर्जा किती, दोन घटना एकाच वेळी घडल्या की मागेपुढे, यावर ते वाद घालतील आणि दोघंही बरोबर असतील. पण काही गोष्टींवर मतभेद होऊच शकत नाही. प्रकाशाचा किरण यानातून बाहेर पडून पार दूरच्या ताऱ्यापर्यंत पोचला की नाही, ही तशी गोष्ट आहे. पोचला तर सगळ्यांसाठी पोचला. कृष्णविवराची व्याख्या याच प्रकारची आहे: ज्या सीमेच्या आतून प्रकाशसुद्धा कधीच दूर जाऊ शकत नाही, ती सीमा असणं. ती एकासाठी आहे आणि दुसऱ्यासाठी नाही, असं होत नाही. यानातला माणूस स्वतःच्या यानात आरामात बसलाय, त्याच्या दिव्याचा प्रकाश खिडकीतून बाहेर जातोय, तर पृथ्वीवरच्या कुणी कितीही नऊ लिहिले तरी ते यान कृष्णविवर नाही. श्वार्झशिल्डच्या सूत्रात जे वस्तुमान घालायचं असतं ते वस्तू जिथून स्थिर दिसते तिथून मोजलेलं असतं. लेकीने वस्तुमान एका चौकटीतलं, म्हणजे एका निरीक्षकाच्या मोजमापातलं घेतलं आणि सूत्र दुसऱ्या चौकटीतलं.

आता तुमच्या पुस्तकाचा आणि भाच्याचा वाद. पुस्तकातलं सूत्र खोटं नाही. वेग वाढला की वस्तूला आणखी वेग देणं अवघड होत जातं, हे प्रयोगाने सिद्ध आहे. जिनिव्हाजवळ सर्न या कणसंशोधन केंद्रात २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉन फिरवतात, तिथे प्रत्येक प्रोटॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या सात हजार पटींवर जाते, आणि त्याला वळवायला लागणारी चुंबकं त्या हिशेबानेच बांधावी लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सांगण्याचा एक मार्ग म्हणजे ‘वस्तुमान वाढलं’ असं म्हणणं. सोपं वाटतं. पण त्यात एक अडचण पहिल्यापासून होती. धावत्या वस्तूला मागून ढकललं तर ती जितकी जड वाटते तितकी बाजूने ढकलल्यावर वाटत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात दोन-दोन वस्तुमानं लिहिली जायची, एक वेगाच्या दिशेतलं आणि एक आडवं. एकाच वस्तूला दिशेप्रमाणे वेगळं वस्तुमान असेल, तर ते वस्तूचं वस्तुमान कसं? १९४८ साली आइन्स्टाइन यांनीच लिंकन बार्नेट या अमेरिकी लेखकाला पत्रातून कळवलं, की धावत्या वस्तूच्या वाढीव वस्तुमानाची कल्पना आणू नये, स्थिर वस्तुमान तेवढं ठेवावं आणि संवेग व ऊर्जा यांची सूत्रं द्यावीत. पुढे १९८९ साली रशियन शास्त्रज्ञ लेव ओकुन यांनी हाच आग्रह जोरात मांडला. आज संशोधनात वस्तुमान म्हटलं की स्थिर वस्तुमान, जे सगळ्या निरीक्षकांना सारखंच दिसतं. वेगाबरोबर वाढते ती ऊर्जा आणि संवेग.

म्हणजे भाचा बरोबर बोलला, पण अर्धंच बोलला. ‘वस्तुमान वाढत नाही’ म्हटल्याने लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कारण ती लगेच विचारू शकते, आणि तिने विचारायलाच हवं: “बरं, वस्तुमान नको म्हणू. ऊर्जा म्हणू. ऊर्जेलाही गुरुत्व असतं ना? मग वाढलेल्या ऊर्जेचं काय?”

हा प्रश्न जास्त खोल आहे. आणि हो, ऊर्जेला गुरुत्व असतं. १९१५ सालच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात गुरुत्वाचा उगम नुसत्या वस्तुमानात नसतो. ऊर्जेची घनता, संवेग, दाब आणि ताण अशा एकूण दहा राशी मिळून अवकाश-काळाला वक्र करतात. वस्तू धावायला लागली की ऊर्जा वाढते, पण त्याच वेळी संवेगाचे आकडेही उगवतात, दाबाच्या जागचेही बदलतात, आणि त्या सगळ्यांचा एकत्र परिणाम असा होतो की ‘स्थिर यानाभोवतीची वक्रता, फक्त धावत्या माणसाने पाहिलेली’ एवढंच हाती येतं. लेकीने दहापैकी एकच आकडा मोठा केला आणि बाकीचे नऊ जागेवर ठेवले.

मग धावत्या वस्तूचं ओढणं बदलतच नाही का? बदलतं, आणि गंमत म्हणजे ‘वस्तुमान वाढलं’ या हिशेबाहूनही जास्त बदलतं. १९८५ साली ऑल्सन आणि ग्वारिनो यांनी हिशेब करून दाखवला, की जवळपास प्रकाशवेगाने एखादी जड वस्तू शेजारून गेली तर वाटेतल्या स्थिर कणांना ती जो झटका देते, तो वाढीव वस्तुमानाच्या हिशेबाने येणाऱ्या झटक्याच्या जवळपास दुप्पट असतो. आणि वेग अगदी प्रकाशाच्या टोकाला नेला तर काय होतं, हे आयखेलबुर्ग आणि सेक्सल यांनी १९७१ सालीच दाखवलं होतं: वस्तूचं गुरुत्व धावण्याच्या दिशेला आडवं, पातळ चकतीसारखं चपटं होतं आणि आघातलहरीसारखं पुढे जातं. त्यात कृष्णविवराची सीमा कुठेच तयार होत नाही.

याच्या उलट बाजूचा एक दाखला तिला नक्की आवडेल, कारण तो तिला स्वतः ताडून बघता येतो. अशी दोन यानं घ्या, जी एकमेकांच्या शेजारून, एकाच दिशेने, एकाच वेगाने जातायत. यानांतल्या माणसांच्या दृष्टीने दोन्ही स्थिर आहेत आणि आपल्या किरकोळ गुरुत्वाने एकमेकांकडे हळूहळू सरकतायत. समजा भेटायला वर्षभर लागेल. पृथ्वीवरून बघितलं तर त्यांची घड्याळं मंद चालतात, म्हणजे भेटायला वर्षाहून कितीतरी जास्त काळ लागतो. वेग जितका जास्त, तितकी भेट लांबते. ‘वस्तुमान वाढलं, म्हणून ओढ वाढली’ हे खरं असतं तर ती लवकर व्हायला हवी होती. प्रकाशाच्या बाबतीत हे पार टोकाला जातं. एकाच दिशेने समांतर जाणारे दोन किरण एकमेकांना ओढतच नाहीत, हे टॉलमन, एरेनफेस्ट आणि पोडोल्स्की यांनी १९३१ साली दाखवलं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे वेगाचा आणि कृष्णविवराचा संबंधच नाही, आणि प्रकल्प मोडीत काढावा लागणार. तसं अजिबात नाही. संबंध आहे, आणि तो तुमच्या लेकीने मांडला त्याहून सुंदर आहे. अख्खी वस्तू एका दिशेने धावत असेल तर तिच्याबरोबर धावणाऱ्या निरीक्षकाला तो वेग नाहीसा होतो. पण वस्तूच्या आतले कण सगळ्या दिशांनी धावत असतील तर? मग कुठल्याही निरीक्षकाला सगळे कण एकदम स्थिर दिसू शकत नाहीत. तो वेग पुसता येत नाही, आणि त्याची ऊर्जा त्या वस्तूच्या स्थिर वस्तुमानात खरोखर धरली जाते. एक लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीपर्यंत तापवलं तर त्याचं वस्तुमान एका ग्रॅमच्या सुमारे चार अब्जांश इतकं वाढतं. तराजूला कळणार नाही, पण वाढ खरी. प्रोटॉनचं तर बहुतेक वस्तुमान असंच आहे: आतल्या क्वार्क नावाच्या कणांचं स्वतःचं वस्तुमान जेमतेम एक टक्का, बाकी सगळी त्यांच्या हालचालीची आणि त्यांना बांधणाऱ्या बलक्षेत्राची ऊर्जा. तुमच्या-माझ्या वजनाचा मोठा भाग हा वेगाचाच आहे, फक्त कोंडलेल्या वेगाचा.

म्हणून एक यान कितीही पळालं तरी कृष्णविवर होत नाही, पण दोन यानं समोरासमोर आदळली तर, तत्त्वतः, होऊ शकतं. तिथे दोघांचा वेग एकदम पुसणारी कुठलीच बाजू नाही. २०१० साली चॉपटुइक आणि प्रिटोरियस यांनी संगणकावर ताऱ्यांसारखे दोन गोळे प्रकाशवेगाच्या जवळपास एकमेकांवर सोडून हे करून पाहिलं. पुरेशा वेगाला कृष्णविवर तयार झालं. २००८ साली सर्नचा मोठा कोलायडर, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र, सुरू होताना आपल्याकडच्या वाहिन्यांनीही ‘जग बुडणार’ म्हणून जी भीती पसरवली, तिच्या मुळाशी हाच धागा होता. पण तिथल्या टकरींची ऊर्जा, आपल्याला माहीत असलेल्या गुरुत्वाच्या हिशेबाने, लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने एकावर १५ शून्यं इतक्या पटींनी कमी पडते. आणि त्याहून कितीतरी जोरदार टकरी वर सांगितलेले कण वातावरणात रोज करतात.

दुसरा धागा आपल्या माणसाचा आहे. १९३० साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा १९ वर्षांचे होते. इंधन संपलेला, आक्रसलेला तारा, म्हणजे श्वेतबटू, स्वतःच्या वजनाखाली का चिरडला जात नाही, याचं उत्तर तेव्हा नुकतंच मिळालं होतं: आतले इलेक्ट्रॉन दाटीवाटीत कोंबले की वेगाने पळू लागतात आणि त्यांचा दाब ताऱ्याला तोलून धरतो. चंद्रशेखर यांनी त्या वेगांना सापेक्षता लावली. तारा जितका जड, तितकी दाटी जास्त आणि इलेक्ट्रॉन तितके प्रकाशवेगाच्या जवळ. त्यांचा संवेग वाढत राहतो, पण वेग प्रकाशवेगाला टेकलेला, त्यापुढे जाता येत नाही. त्यामुळे दाब जितका वाढायला हवा तितका वाढत नाही, आणि सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे तो वजनाला पुरा पडूच शकत नाही. तारा कोसळतो. पुढे न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळून आणखी दाट झालेला तारा, तो तोल काही काळ सावरतो, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की कृष्णविवर. तिथे तर दाबच उलटतो, कारण वर सांगितलेल्या दहा राशींमध्ये दाबही आहे. सावरायला वाढवलेला दाब स्वतःच गुरुत्वात भर घालतो. चंद्रशेखर यांना १९८३ साली नोबेल मिळालं. प्रकाशवेगाच्या जवळचा वेग आणि कृष्णविवर यांची गाठ निसर्गाने खरोखर बांधली आहे ती इथे.

म्हणून प्रदर्शन होऊ द्यावं आणि मग सांगावं, हा तुमचा दुसरा पर्याय मला पटत नाही. तीन आठवड्यांनी टाळ्या मिळाल्यानंतर “ते चूक होतं, मला आधीच माहीत होतं” हे तिला तुमच्या तोंडून ऐकावं लागेल. विज्ञानातली चूक ती विसरेल, हे विसरणार नाही. आणि आत्ता “तुझं चुकलं” म्हणून तक्ता गुंडाळायला लावणंही नको. भाच्याने तेच केलं, आणि ती रात्र तुम्ही पाहिलीत. ती रडली ते चुकल्यामुळे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. कुठे चुकलं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून रडली असण्याची शक्यता जास्त आहे.

तिच्याशेजारी बसा आणि फक्त एक प्रश्न विचारा: “यानातल्या माणसाला यानाचा वेग किती दिसेल?” मग गप्प बसा. ती शून्य म्हणेल. मग विचारा, “त्याला पृथ्वी कशी दिसेल?” आणि तिचंच सूत्र तिला पृथ्वीला लावू द्या. १९९१ सालच्या कणाचा आकडा वर आहेच. ३० लाख किलोमीटरचं उत्तर तिच्या वहीत तिच्या हाताने येऊ द्या. स्वतःचा युक्तिवाद स्वतः शेवटपर्यंत नेऊन तो कुठे तुटतो हे पकडणं हा अपमान नसतो, तो मोठा आनंद असतो, आणि तो तिला मिळू द्या. तुम्ही बी.एस्सी. केलेलं आहे, हे दोन प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं आहे. उत्तरं माहीत असल्याचा आव आणू नका. हिशेब तिच्याबरोबर करा.

प्रकल्प बदलू नका, नाव बदला. ‘वेगाने कृष्णविवर बनतं का?’ एकोणपन्नास नऊ तक्त्यावर तसेच राहू द्या, त्यांच्यावर तिने मेहनत घेतली आहे आणि बघणारा तिथेच थांबणार आहे. शेजारी पृथ्वीचा हिशेब येऊ दे, त्याच्या खाली दोन शेजारी यानं, आणि शेवटच्या तक्त्यावर चंद्रशेखर यांचा तारा. मॉडेल लागतंच, तर इलेक्ट्रॉनच्या जागी छऱ्यांनी भरलेला, दट्ट्याने दाबता येणारा पारदर्शक डबा चालेल. आघातलहरी, ऑल्सन-ग्वारिनो वगैरे तक्त्यावर नकोत. विचारलं तर तिला माहीत असावं एवढंच.

सरांकडे तुम्ही एकट्या जाऊ नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच कळवू नका. लेकीला घेऊन जा, वही तिच्या हातात असू द्या, आणि बोलू दे तिला: “सर, मी हेच सूत्र पृथ्वीला लावून बघितलं, तर हे आलं.” भाच्याचं नाव मध्ये आणू नका. सर दुखावतील हे तुम्ही फार लवकर ठरवलंय. आपल्या विद्यार्थिनीने प्रकल्प एक पायरी पुढे नेलाय, हे बघून बहुतेक शिक्षकांना बरंच वाटतं. समजा त्यांना पटलं नाही, वेळ नाही म्हणाले, तर वाद घालू नका. जुना प्रकल्प जाऊ दे, पण शेवटी एक कागद लावायची परवानगी मागा, ‘या युक्तिवादावर माझी शंका’ असं लिहिलेला. ती शंका तिचीच असेल आणि खरी असेल.

भाच्याला पुन्हा बोलवा. त्याला रागवायला नव्हे. गॅमाचं, म्हणजे कुठल्या वेगाला ऊर्जा किती पट होते याचं, कोष्टक संगणकावर करून द्यायचं काम त्याला द्या, आणि मगाचा प्रश्न, ऊर्जेलाही गुरुत्व असतं ना, हा लेकीला त्याला विचारू द्या. दोघांनी मिळून उत्तर शोधलं तर घरातलं एक भांडणही मिटेल.

नंबराचं खरं सांगायचं तर तो जाऊ शकतो. परीक्षक घाईत असतात, ‘कृष्णविवर बनवा’ हे लगेच डोळ्यात भरतं, आणि ‘बनत नाही’ हे समजावायला दोन मिनिटं लागतात. शिवाय परीक्षकही तुमच्याच पुस्तकावर शिकलेले असू शकतात आणि म्हणतील, “वस्तुमान तर वाढतं ना, बाळा?” त्यासाठी तिचं उत्तर तयार हवं, तोंडपाठ नको: “सर, त्याला ऊर्जा म्हटलं तरी चालतं. पण यानात बसलेल्याला ती वाढलेली दिसत नाही, आणि कृष्णविवर झालं तर ते सगळ्यांसाठीच व्हायला हवं.” तिने हे स्वतः पृथ्वीवर ताडून पाहिलेलं असलं तर आवाज आपोआप ठाम येईल.

अशीच पत्रं दहावी-बारावीच्या मुलांकडून आणि शिक्षकांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठीही सांगते. बी.एस्सी.च्या किंवा प्रवेश परीक्षेत सापेक्ष वस्तुमान विचारलं असेल तर पुस्तकातलं सूत्र बिनधास्त लिहा; त्यातून येणारे ऊर्जेचे आणि संवेगाचे आकडे बरोबरच असतात. पण ते वस्तुमान उचलून गुरुत्वाच्या सूत्रात घालू नका, न्यूटनच्याही नाही आणि श्वार्झशिल्डच्याही नाही. शिक्षकांनो, वर्गात हा प्रश्न आला तर ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून परत पाठवू नका; “वेग कुणाच्या तुलनेत?” एवढं विचारलंत तरी मूल पुढची वाट बरीचशी स्वतः चालतं. आणि एखादा प्रश्न आपल्या आवाक्याबाहेर गेला तर पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं ठेवतं, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दारं उघडतं, मराठी विज्ञान परिषदही आहे. तिथे मुलांना स्वतः प्रश्न विचारू द्या, आईवडिलांनी त्यांच्या वतीने विचारू नये.

ताई, तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. पृथ्वीचा हिशेब एका संध्याकाळी होतो. तो आधी करा, सरांना भेटायचं त्यानंतर ठरवा.